आहे तसा हात

मास्तरांना मोठी कात्री उचलेना, तेव्हा दुसऱ्या कोणी ती उचलू नये म्हणून त्यांनी ती खणात टाकून कुलूप लावलं. माणसं अशीच असतात. स्वतःची वजाबाकी सुरू झाली की दुसऱ्याची बेरीजही रोखून धरतात.

संधिवाताने त्यांची बोटं करंगळीकडे झुकवली होती, एकाच बाजूने आटलेल्या कापडासारखी. शिवणकामाचं दुकान सून चालवायची. जाड कोटाचं कापड ती छोट्या कात्रीने अक्षरशः कुरतडायची.

"मामंजी, ती मोठी द्या ना," ती अधूनमधून म्हणे.

"आणि हात बरा झाल्यावर मी काय दातांनी कापू?"

गोळ्या झाल्या, सुया झाल्या. एकीने पोट बिघडलं, दुसरीने यकृत. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किरणांचा उपाय करून पाहू. यंत्र कॅन्सरवाल्यांचंच, पण मात्रा अगदी थोडी. "सगळ्यांना गुण येतोच असं नाही. आला तर सूज उतरेल, दुखणं कमी होईल. बोटं मात्र सरळ होणार नाहीत."

मास्तरांनी यातलं जमेचं तेवढं ऐकलं.

शेजारच्या इस्त्रीवाल्याने हटकलंच, "मास्तर, तुम्ही आणि कॅन्सरच्या वॉर्डात?"

"हाताला शेक देतात रे. तुझ्या इस्त्रीसारखाच. फक्त ते जाळत नाहीत."

पहिल्या दिवशी नुसती मापं झाली. मशीनवाल्या मुलीने त्यांचा उजवा हात फळीवर ठेवला आणि यंत्रातून पडणाऱ्या उजेडाच्या कडेने त्याच्यावर शाईने रेघा मारल्या. "आजोबा, या पुसू नका हं. उद्या यांच्यावरच किरण द्यायचेत."

घरी येऊन मास्तरांनी हात दिव्याखाली धरला आणि त्यांच्या अंगाची लाही झाली. मधली रेघ तिरकी होती! माझ्याकडे असती तर ही पोरगी पहिल्याच दिवशी घरी गेली असती, ते पुटपुटले. दुकानातली त्यांची रीत जगजाहीर होती. कोणाची खडूची रेघ चुकली की ओरडायचं नाही. अंगठ्याने पुसायची आणि शेजारी बरोबर रेघ मारून निघून जायचं. सून असंच शिकली होती.

त्यांनी साबणाने शाई घासून काढली. हनुवटीने पट्टी दाबली, वाकड्या डाव्या हातात पेन धरलं, घाम पुसला, आणि मनगटापासून सरळसोट रेघ ओढली. वरून बाही ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी हात फळीवर ठेवला, उजेड पडला, आणि ती मुलगी थांबली.

"आजोबा, या खुणा माझ्या नाहीत."

"तुझी तिरकी होती. सरळ केली."

दाराशी उभ्या सुनेने डोळे मिटले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मुलगी रागावली नाही. ती खाली वाकून म्हणाली, "रेघ झकास आहे हो तुमची. पण हात कुठे आहे तसा? हिच्यावर किरण सोडले तर निम्मे सांधे बाहेर राहतील."

मास्तरांनी पाहिलं. रेघ सरळ गेली होती, आणि बोटं तिला सोडून बाजूला पडली होती. त्यांनी हात आखला होता तो कधीकाळचा.

एक जुनं गिऱ्हाईक त्यांना आठवलं, कुबड असलेलं. कारागिराने कोटाची पाठ सरळ कापली होती आणि कधी नव्हे ते मास्तर त्याच्यावर उसळले होते, "अंग आहे तसं बेत! असायला हवं तसं बेतायचं असेल तर पुतळ्यांचे कोट शिव."

आजचे किरण रद्द झाले. नवी मापं घ्यायला डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा मास्तर एवढंच म्हणाले, "हात आहे तशीच मारा." या वेळी त्यांनी नजर हातावरून हलवली नाही.

परतताना मास्तरांनीच विषय काढला.

"बोल की, म्हातारा बिनडोक आहे म्हणून."

"काय बोलू? गिऱ्हाईकाच्या अंगाबद्दल बोलायचं नाही, तुम्हीच शिकवलंत."

दुकानात आल्यावर मास्तरांनी खणाची किल्ली टेबलावर ठेवली. आताशा ती त्यांच्याने फिरतही नव्हती. मग शेजारी हात पसरला.

"थंडी तोंडावर आलीय. हातमोजा बेत. या हाताचा."

सुनेने लोकरी कापड अंथरलं, त्यावर हात ठेवायला लावला आणि भोवतीने खडू फिरवला. सुजलेल्या प्रत्येक सांध्याला वळसा घालत, ताज्या शाईला धक्का न लावता. घाई केली नाही. मग तिने खण उघडला.

"जड आहे हो ही."

"असणारच. कोपर टेकव टेबलाला. हां. आता मनगट सैल सोड."

दुखणं उतरेल की नाही, ते पुढे कळणार होतं. आज कात्री कापडात शिरली. रेघ तिरकी होती. सुनेचा हात तिच्यावरून जराही ढळला नाही, आणि मास्तरांचा अंगठा जागचा हलला नाही.