सात वर्षांत शिळी होणारी हाडं

घाबरू नका मित्रांनो, मी भूत नाही. ओहायोतल्या एका लहानशा कॉलेजात, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात लोखंडी खांबाला टांगलेला मी हाडांचा एक जुना सापळा आहे. तोसुद्धा प्लास्टिकचा. पोरं मला अंकल मर्व्ह म्हणतात.

साच्यातून निघालो तेव्हा मी दुधासारखा पांढरा होतो. मला पेटीतून काढलं त्या दिवशी सगळा वर्ग टाळ्या वाजवत होता. पुढं संगणकाच्या पडद्यावर गरगर फिरणारा सापळा आला आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. हिवाळ्यात माझ्या खांद्यावर ओले कोट वाळत पडू लागले. परीक्षा आली की मात्र सगळ्यांना माझी आठवण येते. कुणीतरी प्रेमानं पाठीवर हात ठेवतं आणि दुसऱ्या हातानं बरगडीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं उत्तरं लिहून जातं. तेव्हापासून माझा कुणावरच विश्वास नाही.

एका हॅलोवीनला, म्हणजे भुताखेतांची सोंगं काढायच्या सणाला, पोरांनी मला फरचा जड कोट घातला आणि कॅन्टीनच्या दारात उभं केलं. कोटाच्या वजनानं माझे दोन्ही खांदे निखळले. दुसऱ्या दिवशी शरीरशास्त्र शिकवणाऱ्या डॉक्टर हॅचरबाईंनी, एकीकडे पोरांना फैलावर घेत, गळ्याखालची आडवी हाडं तारेनं घाईघाईत परत बांधली. तेव्हाच मला वाटलं, काहीतरी उलटं बसलं. पण माझा जबडा स्प्रिंगवर हलतो, बोलत नाही.

मग उन्हाळ्यात लोर्ना आली. लोर्ना काझमारेक, चौतिशीची, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करणारी. बरोबर कचेरीतले प्रुइट होते. बाहेरच्या कॉलेजात शिकलेलं आपल्याकडे किती धरायचं, हे ते ठरवतात.

"गुण उत्तम आहेत, बाई," प्रुइट म्हणाले. "पण दहा वर्षांपूर्वीचे, आणि तेही दुसऱ्या राज्यातले. आमच्याकडे सात वर्षांनी विज्ञान शिळं होतं."

"का हो? मध्यंतरी हाडं बदलली का?"

"हाडं नाही बदलत. माणसं विसरतात."

"आई आजारी पडली म्हणून सोडलं मी. विसरले नाही."

"सगळे असंच म्हणतात. म्हणून तर ही परीक्षा. एकदाच देता येते. पास झालात तर जुना विषय धरू, नाहीतर पहिल्यापासून वर्गात बसा."

"आणि ऑगस्टमधली नर्सिंगची जागा?"

"ती तुमच्यासाठी थांबायची नाही. मागं रांग आहे."

लोर्नानं माझ्याकडे टक लावून पाहिलं. मी मनात म्हटलं, आली आणखी एक पेन्सिलवाली.

परीक्षेच्या दिवशी हॅचरबाईंनी तिचा फोन खणात ठेवला. बाह्या वर करायला लावल्या. माझ्या बरगड्याही आतून पुसून घेतल्या. माझ्याहून संशयी असं या कॉलेजात कुणी असेल तर त्या बाईच. मग त्यांनी माझ्या हाडांवर लाल ठिपके चिकटवले. प्रत्येक ठिपक्याचं हाड ओळखायचं, डावं की उजवं तेही लिहायचं.

लोर्नाची तऱ्हा वेगळी होती. ती डोळे मिटायची, हाडावरून बोट फिरवायची आणि मगच लिहायची. बाई भुवया चढवून बघत होत्या. मीही.

मनगटापाशी ती अडली. तिथली इवलीइवली हाडं, खड्यांसारखी; दोन तिनं साफ चुकवली. मला मनातून बरंच वाटलं. बघा, शिळंच आहे.

शेवटचा ठिपका माझ्या उजव्या खांद्याजवळ, गळ्याखालच्या आडव्या हाडावर होता. तिचं बोट वरून फिरलं आणि थबकलं. पुन्हा फिरलं. तिनं डोळे उघडून बाईंकडे पाहिलं, मग दाराकडे. चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं: हा मुद्दाम टाकलेला फास आहे. उजवीकडे टांगलंय म्हणून "उजवं" लिहिलं तर गुण मिळेल का? की गुण तिथंच जाईल? संधी तर एकच.

तिनं लिहिलं, "डावं. उजवीकडे उलटं बसवलेलं."

हॅचरबाई तिथंच तपासायला बसल्या. त्यांचं लाल पेन शेवटच्या उत्तरावर थांबलं. वर मनगटाच्या दोन फुल्या होत्याच, आणि तिसरी चूक चालणार नव्हती. हा गुण गेला तर लोर्ना नापास.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं? कोट चढवणाऱ्या पोरांपैकी कुणी भेटलं होतं का?"

"कसला कोट? मला या गावात ओळखतंय कोण!"

"मग उलटं कशावरून?"

"आमच्या जुन्या बाई हाडं पिशवीत घालायच्या आणि न बघता ओळखायला लावायच्या. या हाडाला खालच्या अंगानं खाच असते. तुमच्या या माणसाची खाच छताकडे आहे. माझं खोटं वाटत असेल तर स्वतः बोट फिरवा."

बाई स्टुलावर चढल्या. माझ्या खांद्यावर बोट फिरवलं. मग दुसऱ्या खांद्यावर. मला वाटलं, आता त्या चिडणार.

"अरे देवा," बाई हळूच म्हणाल्या. "बांधलं मीच. आणि तेव्हापासून दोन वर्गांची परीक्षा घेतली याच्यावर." मग उतरून त्याच स्टुलावर बसल्या आणि हसू लागल्या. "पास आहेस गं. पण मनगटाचं काय केलंस हे? लाज आणलीस!"

"मनगट खरंच विसरले," लोर्ना म्हणाली आणि तिला एकदम रडू फुटलं.

दोघींनी मिळून माझी तार सोडली. एकीनं खांदा धरला, दुसरीनं डावं-उजवं हाड अदलून सुलटं बसवलं. मग जुन्या दोन्ही वर्गांचे पेपर पुन्हा तपासायला बाई कपाट उघडून बसल्या.

मित्रांनो, माझ्या अंगावर ओले कोट टाकू नका, बरगड्यांवर लिहू नका, एवढंच मागतो. आणि कुणी बऱ्याच वर्षांनी परत येऊन "मला येतं" म्हणालं, तर संशय जरूर घ्या, मीही घेतो. फक्त तो स्वतःच्या बोटानं तपासून बघा.

लोर्ना आता इथंच शिकते. जेवणाच्या सुट्टीत सँडविच बाजूला ठेवून ती माझा हात हातात घेते, डोळे मिटते आणि मनगटातली हाडं एकेक करून म्हणते. तिच्या दुसऱ्या हातात पेन्सिल आहे का, हे मी अजून बघून घेतो.