सव्वादोनचं खोकं

"हात दाखव," अजिनाथ म्हणाला, आणि रतनबाईनं राहुरीच्या भर बाजारात नवऱ्यापुढे दोन्ही हात धरले. डाव्यात चार बांगड्या, उजव्यात तीन. त्याही जुन्या.

"गनीभाई, पाच आठवडे माझ्या फोनवरनं तुमाला दोनशे-दोनशे आलेत. हजाराच्या बांगड्या हिनं घातल्या कुठं?"

बांगड्या भरण्यात हयात गेलेल्या गनीभाईंनी समोरच्या बांगड्या उगाच सारख्या केल्या. खरं उत्तर त्यांच्या मांडीशेजारच्या ट्रंकेत होतं.

बाया बांगड्या भरता भरता पदराची गाठ सोडून रुपया, पाच रुपये त्यांच्या हातात सरकवत. गनीभाई ते ट्रंकेत प्रत्येकीसाठी ठेवलेल्या बांगड्यांच्या रिकाम्या खोक्यात टाकत. खोक्यावर नाव नाही. आत त्या बाईच्या मापाची नि आवडीच्या रंगाची एक बांगडी, हीच खूण. या बँकेला ना पाटी ना शिपाई, आणि एकाही नवऱ्याला तिचा पत्ता नव्हता, म्हणून ती बरी चालली होती.

रतनबाईचं खोकं सव्वादोनच्या मापाचं. तिची मनवा आपल्या मनानं लग्न करून अकोल्याकडे गेली, तेव्हापासून अजिनाथनं लेकीचं नाव घरात बंद केलेलं. मनवाला दिवस गेल्याचं कळलं, तशी रतनबाई अंड्यांच्या पैशातून साठवू लागली. बाळाला चांदीचे वाळे आणि अर्ध्या तिकिटाची एसटी, एवढाच बेत.

मग गिऱ्हाइकं अंड्यांचे पैसे अजिनाथच्या फोनवर टाकू लागली. त्याच सुमाराला गनीभाईंच्या मुलानं, परवेझनं, दुकानात स्कॅनरचा कागद चिकटवला आणि पैसे आले की ओरडणारा डबा बसवला. गनीभाई डब्यावर बेहद्द खूष. रतनबाई रिकाम्या हातानं आली, तेव्हा तेच म्हणाले होते, मालक झोपले की फोनवरून टाकत जा, बांगड्यांचे म्हणून, मी ते खोक्याच्या हिशेबात धरीन. पिन सोपा होता, गाईच्या कानातल्या बिल्ल्यावरचे शेवटचे आकडे. धार रतनबाईच काढत होती.

फोन काही विसरत नाही, एवढं मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

"ऑर्डरीच्या हायेत," गनीभाई कसंबसं म्हणाले. "माल यायचाय."

"रद्द करा. पैसे माघारी टाका."

खरं सांगावं, तर लेकीचं नाव निघणार. गनीभाईंनी रतनबाईकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. त्यांनी पैसे पाठवले. अजिनाथचा फोन टिंग वाजला. व्यवहार चोख हाय तुमचा, असं प्रशस्तिपत्रक देऊन तो शेजारच्या टपरीवर पान लावायला गेला.

"परवा मनवाला मुलगी झाली," रतनबाई हळूच म्हणाली.

गनीभाई म्हणाले, चूक माझी, माझ्याकडचे हजार घेऊन जा, सावकाश फेडा.

"कशातनं फेडू? अंडी बी आता त्यांच्याच फोनात जात्यात." तिनं ट्रंकेकडे बोट केलं, "ते खोकं दुसऱ्या कुनाला द्या."

गनीभाईंनी खोकं उघडलं. तळाशी होती ती चिल्लर तिच्या ओंजळीत ओतली. खुणेची हिरवी बांगडी उरली. त्यांनी तिचा उजवा हात घेतला, सवयीनं बोटं दाबून मुडपली आणि बांगडी वर चढवली. दोन्ही हात सारखे झाले.

तेवढ्यात अजिनाथ पान चघळत आला. त्याची नजर हातावर गेली.

"ही नवी कितीची?"

"ऱ्हाऊ द्या."

"फुकट न्हाई घ्यायचं कुनाचं," म्हणत त्यानं फोन कागदासमोर धरला.

"दहा रुपये प्राप्त झाले," डब्यातली बाई बाजारभर ऐकू जाईल अशी म्हणाली. त्या दुपारी दुकानात मोठ्यानं बोललेली बाई तेवढी एकच.