हळदीला गेलेलं ग्रंथालय

भोईर प्राचार्यांनी चहा पिता पिता बॉम्ब टाकला. "यशोधरा मॅडम, हल्ली सगळं मोबाईलवर मिळतं. जूनपासून वाचनकक्षात कॅन्टीन करतोय."

झालं! अंबरनाथच्या त्या कॉलेजात यशोधराने ग्रंथपाल म्हणून अर्धं आयुष्य घालवलेलं, आणि आता तिथे समोसे तळणार!

"मोबाईलवर नसलेलं काही आणून दाखवलं तर?"

"दाखवा. कॅन्टीन रद्द!" म्हणत सर चक्क खिदळले. यशोधराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच आठवड्यात एम.ए.ची जिज्ञासा धवल्यांच्या शोधात आली. धवले म्हणजे आगरी लग्नात धवलारीण म्हणते ती गाणी. नेटवर दोन-चार ओळी, पुस्तकांत त्याहून कमी.

"मॅडम, माझ्या आजीला ढिगाने येतात. पण लिहिलेला एकही नाही."

यशोधरा दुसऱ्याच दिवशी रेकॉर्डर घेऊन बारवी धरणाजवळच्या आजीच्या गावात हजर. रखमाआजीने चहा पाजला, भाकरी वाढली आणि गायला साफ नकार दिला. "मांडव नाय, हलद नाय, न धवला कसा गाऊ? मना नाय जमाचा."

"रविवारी दादाची हळद आहे, मॅडम," जिज्ञासा म्हणाली. "तेव्हा गाईल ना ती."

मग काय, रविवारी ग्रंथालय हळदीला गेलं. पण मांडवात आकाश डीजेवाला, आणि त्याचे स्पीकर कपाटाएवढे! आजी गातेय हे नुसतं ओठांवरून कळत होतं. रेकॉर्डरमध्ये निव्वळ धडधडाट.

जिज्ञासा रडकुंडीला आली. "राहू द्या मॅडम. हळदीत डीजे बंद केला तर पाहुणे आपल्यालाच धरून हाणतील."

यशोधरा घाबरली, खोटं कशाला सांगा! पण आज हे गाणं हातचं गेलं तर वाचनकक्षही गेला, आणि आजीचं वय कुणासाठी थांबणार होतं? ती तडक स्टेजवर चढली, आकाशच्या हातातला माइक हिसकावला आणि टवाळ पोरांच्या कित्येक बॅचेस गार करणाऱ्या आवाजात गरजली, "शांतता राखा!"

आकाशचा हात आपसूक बटणावर गेला. जाणार नाही तर काय, तोही याच कॉलेजचा, अभ्यासिकेतून दोनदा हाकललेला. नाचणारी निम्मी पोरं तर मुकाट खाली बसली!

आणि मग आजीचा आवाज लागला. खणखणीत! एकेक करत बाया तिच्यामागे म्हणू लागल्या. हळद माखलेला नवरदेव सगळ्यांदेखत रडला. आकाशने स्वतः उठून माइक आजीपुढे धरला.

सोमवारी यशोधराने भोईर सरांच्या कानांना हेडफोन लावला. एक धवला ऐकून उठतील असं तिला वाटलं होतं. सर दुसरा ऐकत बसले, तिसरा ऐकत बसले. मोबाईल वाजत होता, त्यांनी उचलला नाही.

"हे आणखी कुठे मिळेल?"

"कुठेच नाही सर. फक्त आपल्या ग्रंथालयात."

सरांनी हेडफोन काढला. डोळे पुसायची त्यांना लाज वाटली नाही. "माझी आई धवलारीण आहे, मॅडम. बदलापूरला असते. इतकी वर्षं तिला कुणी दोन ओळी म्हणून दाखव म्हटलं नाही. मीसुद्धा नाही."

टेबलावरचा कॅन्टीनचा नकाशा सरांनी टराटरा फाडला.

"पुढच्या महिन्यात पुतणीची हळद आहे," ते म्हणाले. "आई गाणार आहे. ग्रंथालय घेऊन याल ना?"