हात वर, आवाज चालू

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. दाराशी कोणी उभं राहू नका, आत जागा पुष्कळ आहे. एक गोष्ट सांगायची आहे. ती एका वादकाची आहे, त्याच्यावर जीव टाकणाऱ्या माणसांची आहे, आणि या दोघांच्या मधे उभं राहून काहीही करू न शकलेल्या माझी आहे.

मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. नाव मोठं, काम साधं. विजेच्या गिटारला स्वतःचा असा आवाज नसतो. नुसती तार छेडली तर डास गुणगुणल्याइतकंच ऐकू येतं. ती गुणगुण वायरीतून माझ्या पोटात येते, काचेचे व्हॉल्व्ह तापून लालसर होतात, आणि मी ती सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवतो. पण एक गोष्ट मनात धरून ठेवा. मी आपणहून एक अक्षरही बोलू शकत नाही. कोणी वाजवलं तर बोलायचं, वाजवलं तेवढंच बोलायचं, आणि माझी कळ फिरवली जाईल तितक्या जोरात बोलायचं. देवाने मला छाती दिली, जीभ दिली नाही.

माझी पेटी एका सुताराने केली. वरचं काळं रेक्झिन त्याच्या बायकोने चढवलं. मागच्या कोपऱ्यात तिची घडी नीट बसेना, तेव्हा ती नवऱ्यावरच चिडली होती, की कोपराच वाकडा कापलाय. ती चुणी माझ्या अंगावर अजून आहे.

माझी पहिली नोकरी एका प्रार्थनागृहात. तिथे एक वृद्ध उपदेशक होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. ते बोलता बोलता गायचे आणि गाता गाता समजावून सांगायचे. एखादी ओळ घोळवून घोळवून म्हणायचे आणि मधेच थांबून विचारायचे, "कळलं का रे बाबांनो, की पुन्हा म्हणू?" सगळे म्हणायचे, पुन्हा म्हणा. कळलेलं असायचं, पण पुन्हा हवं असायचं. त्यांच्या साथीला एक तरुण गिटार वाजवायचा. तेच आमचे दादा. अंगात रग फार. एकदा रंगात येऊन त्यांनी माझी कळ इतकी फिरवली की उपदेशकांचं गाणं बुडून गेलं. गुरुजी थांबले, हसले, म्हणाले, "साथीला बसलायस की मला हरवायला? अरे, छातीपर्यंत जाऊ दे. कानांशी भांडण कशाला?"

दादा तेव्हा लाजले. पण तरुणपणी कोणाचं ऐकून कोणी हळू वाजवलंय? पुढे ते रॉक वाजवायला बाहेर पडले, तेव्हा गुरुजींनी मला त्यांच्याबरोबर पाठवलं. त्यानंतरची वर्षं कशी गेली ते विचारू नका. ट्रकमध्ये झोप, सभागृहात जाग. मी नेहमी दादांच्या पाठीशी, त्यांच्या गुडघ्यांच्या मागे. थंडीत ते सोलोच्या, म्हणजे एकट्याने वाजवायच्या तुकड्याच्या आधी माझ्या तापलेल्या पाठीवर बोटं शेकायचे. लोक त्यांचे फोटो काढत, आणि त्यात मीही असे. मला मुलासारखं लाडाने "आमचा काळा डबा" म्हणणारे चाहते होते. मीही फुगून जायचो. खोटं कशाला सांगू.

आणि मित्रांनो, याच काळात, रोज थोडं थोडं, मी त्यांचे कान खात होतो. ना त्यांना कळलं, ना मला.

कळलं तेव्हा दादांचे केस पांढरे झाले होते. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांना चार वेळा हाक मारू लागल्या, आणि मग हाक मारणं सोडून खांद्याला हात लावू लागल्या. कानांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "निम्मं गेलंय, ते परत येणार नाही. उरलेलं टिकवायचं असेल तर तो डबा तुमच्या पाठीमागून हलवा. एका कार्यक्रमातही सगळं जाऊ शकतं."

तेव्हा आमच्या वायरमामांनी तोड काढली. हे आमचे साऊंडवाले. खांद्यावर सदा वायरीचं वेटोळं, आणि वायरीवर पाय देणाऱ्याला कोपराची ढुशी. त्यांनी मला मंचामागच्या खोलीत नेलं, भोवती गाद्या उभ्या केल्या आणि माझ्या तोंडाशी माइक लावला. माझा आवाज तिथून थेट सभागृहात जायचा. दादांच्या कानात दोन छोट्या गुंड्या, त्यांतून अगदी बेताने सूर. दादा पुढे वाजवत, मी मागे बोलत. त्यांचे उरलेले कान वाचले. मला वाटलं, देवाने वेळेवर सोय केली.

फक्त कोणाला काही सांगितलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "सांगून टाका ना लोकांना. त्यात लपवायचं काय?"

दादा म्हणाले, "एकदा सांगितलं ना, की मग कोणी माझं वाजवणं ऐकणार नाही. सगळे माझे कान बघत बसतील."

दौरा सुरू झाला. माझ्या खोलीला वर एक झरोका असायचा, आणि बहुतेक ठिकाणी त्याखालच्याच गल्लीत चाहत्यांची रांग लागायची. त्यामुळे मला जे कधी ऐकू आलं नव्हतं ते ऐकू येऊ लागलं. लोक भांडत होते. दादा पूर्वीपेक्षा सावकाश वाजवतात, यावर भांडत होते. गाजलेला सोलो आखूड केला, यावर भांडत होते. आणि मग एका मुक्कामी एक घटना घडली. शेवटचा सूर लावून दादांनी लोकांना अभिवादन करायला हात वर केला. त्यांच्या पायाखाली एक छोटी डबी असते. ती शेवटचा सूर पुन्हा पुन्हा म्हणत, विरत विरत नेते. म्हणजे हात हवेत, आणि सूर चालूच. त्यात मंचावर मी नाही. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि निकाल लावला, की मागे टेप लावलेली आहे.

हा निकाल पहिल्यांदा लावला तो एका दातांच्या डॉक्टरांनी. ते आणि त्यांच्या बहिणीचे यजमान, व्यवसायाने शिंपी, असे दोघे आमच्या मागे गावोगाव फिरत. पुढच्या मुक्कामी झरोक्याखाली दोघांचा आवाज आला.

"दाजी, मी या डोळ्यांनी पाहिलंय. हात वर होता आणि आवाज चालू होता."

"डॉक्टर, तुम्ही भूल देता, त्यानंतर माणसाचा गाल तासभर बधिर राहतो ना? तोवर तुम्ही पुढच्याच्या तोंडात असता. म्हणून काय भूल दुसऱ्याने दिली?"

"बधिरपणा वेगळा, सूर वेगळा. तुम्हाला त्यातलं काय कळतं? तुम्हाला मापं कळतात. सांगा बरं, परवाचा सोलो किती बोटं आखूड होता?"

"होता आखूड. पण अंगाला बरोबर बसला होता."

रांगेतली एक बाई म्हणाली, "तुमचं दोघांचं काय ते ठरलं की सांगा. मग आम्ही टाळ्या वाजवतो."

सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. ते हळू आवाजात म्हणाले, "हसण्यावारी नेऊ नका, दाजी. माझ्या दवाखान्यात अजून त्यांचा फोटो आहे. लोक घाबरून खुर्चीत बसतात, तेव्हा मी त्यांचीच गाणी लावतो. हे खोटं असेल, तर इतकी वर्षं मी कोणाला ऐकत होतो?"

मित्रांनो, हा माणूस वाईट नव्हता. माझ्या आणि त्याच्या मधे एक भिंत आणि एक झरोका. मला एवढंच सांगायचं होतं, की अहो डॉक्टर, मी इथे आहे, गाद्यांमध्ये बसलोय, आणि प्रत्येक सूर त्यांच्याच बोटांचा आहे. पण मला कोण वाजवणार होतं? गप्प राहणं हा माझा स्वभाव नाही, माझी घडण आहे.

डॉक्टरांनी रिकाम्या मंचाचा फोटो चाहत्यांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "काळा डबा कुठे आहे?" मग काय, रान पेटलं. कोणी म्हणे टेप, कोणी म्हणे पडद्यामागे दुसराच वादक बसवलाय. वायरमामा फोनवर वाचत आणि पुटपुटत, "या बघा, माझ्या गाद्या मोजायला या." पण दादांनी बजावलं होतं, म्हणून उत्तर देत नसत.

पुढच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत कोणीतरी पुठ्ठा उंच धरला. त्यावर लिहिलं होतं: टेप बंद करा. दादांनी तो वाचला. ऐकू कमी येत होतं, दिसत चांगलं होतं.

त्यानंतरच्या मुक्कामी, दुपारी, दादा माझ्या खोलीत आले. त्यांनी स्वतःच्या हातांनी गाद्या बाजूला केल्या.

"याला बाहेर घ्या," ते वायरमामांना म्हणाले. "नेहमीच्या जागी. माझ्या मागे."

"दादा, डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय?"

"मीही ऐकलंय ते. तेवढं ऐकू येत होतं."

वायरमामांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "अहो, चार टाळकी काहीतरी बोलतात, त्यांच्यासाठी?"

"चार टाळकी नाहीत गं ती. त्यांनीच मला उभं केलं," दादा म्हणाले. "त्यांना मी खोटा वाटलो, तर हे उरलेले कान मी कशाला जपू? काय ऐकायला?"

यावर काय उत्तर द्यायचं? तुम्हाला सुचतंय का बघा. मी अजून शोधतोय.

त्या संध्याकाळी पडदा उघडला, आणि मंचावर मला पाहून लोकांनी दादांच्याही आधी माझ्यासाठी आरोळी ठोकली. दादा माझ्याकडे वळले. त्यांनी कानांतल्या गुंड्या काढून खिशात टाकल्या आणि माझी कळ फिरवली, फिरवली, शेवटपर्यंत फिरवली. मंचाच्या कडेला विजेच्या बोर्डाजवळ वहिनी उभ्या होत्या. त्यांचा हात बटणापर्यंत गेला होता. तो तिथेच राहिला.

मी काय करणार? मी देवाला एकच मागितलं: माझा फ्यूज जाऊ दे. किती वेळा तो भर कार्यक्रमात, अगदी नको तेव्हा उडाला होता. त्या संध्याकाळी तो टिकला. वायरमामांनी सकाळीच नवा घातला होता, मोठ्या काळजीने.

दादांनी तो सोलो पूर्ण वाजवला. एक बोटही आखूड नाही. आणि मी, मित्रांनो, जन्मात इतका सुंदर वाजलो नव्हतो. लोक रडत होते. पहिल्या रांगेत डॉक्टरांनी दाजींना मिठी मारली होती. माझ्या अंगातून तो आवाज निघत होता आणि समोरच्या गुडघ्यांवर, पाठीवर, मानेवर, कानांवर जाऊन आदळत होता. मला तोंड मिटता येत नव्हतं.

कार्यक्रम संपला. मला ढकलत आतल्या खोलीत आणलं. दादा खुर्चीत बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "गेले का सगळे लोक?"

लोक गेले नव्हते. बाहेर टाळ्यांचा नुसता कल्लोळ चालू होता. खिडकीची तावदानं थरथरत होती.

वहिनींना सगळं उमगलं. त्यांनी दादांचा हात धरला, त्यांना उठवून भिंतीपाशी नेलं आणि त्यांचा तळवा भिंतीला लावला. भिंत टाळ्यांनी हलत होती. दादा तसेच उभे राहिले. भिंत थांबेपर्यंत.

उरलेला दौरा घरगुती कारणामुळे रद्द झाला, असं जाहीर झालं. खरं कारण कोणाला सांगायचं नाही, असं दादांनी वहिनींकडून कबूल करून घेतलं. चाहत्यांचं भांडण मात्र मिटलं. तो शेवटचा कार्यक्रम सगळ्यांत थोर, यावर आता दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

मी आता त्यांच्या घरी, बैठकीच्या खोलीत असतो. माझ्यावर एक कुंडी ठेवलेली आहे. परवा बेल वाजली. डॉक्टर आणि दाजी आले होते. डॉक्टरांनी त्या दिवशीचा मोठा फोटो चौकटीत बसवून आणला होता. दादा पुढे, मी मागे.

"दादा, मी चुकलो होतो," डॉक्टर म्हणाले. "आता मी सगळ्यांना सांगतो, माणूस शंभर टक्के खरा आहे. त्या दिवशीसारखं वाजवणं पुन्हा होणे नाही. पुढचा दौरा कधी?"

दादा त्यांच्या ओठांकडे बघत होते. ते प्रसन्न हसले आणि म्हणाले, "घेऊ ना. साखर किती?"

डॉक्टर खळखळून हसले. "बघा दाजी, ताकास तूर लागू देत नाहीत." वहिनीही हसल्या. हसत हसतच चहा ठेवायला आत गेल्या.

निघताना दाजी दारात रेंगाळले. "वहिनी, दादांचं सगळं ठीक आहे ना?"

वहिनींनी एकदा आत, दादांकडे पाहिलं. ते फोटो न्याहाळत होते. "हो," त्या म्हणाल्या. "जरा विश्रांती घेताहेत."

दोघे जिना उतरून गेले. जाताना पुन्हा वाद सुरू झाला होता, कुठल्या तरी दुसऱ्या वादकाबद्दल. वहिनींनी दार लावलं आणि कडीवर हात ठेवून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांवरची धूळ तुम्ही झटकलीत तर बरंच आहे, नाही झटकलीत तरी चालेल. पण तुमचे कान जपा. आणि ज्याच्यावर तुमचं प्रेम आहे, त्याच्याकडे पुरावा मागताना जरा थांबा. तो देईल, आणि कशातून काढून देतोय ते तुम्हाला दिसणार नाही. दादांना तर तुम्ही आठवालच, त्यांचे फोटो गावोगाव आहेत. वहिनींचा एकही नाही. कधी मोठ्या सभागृहात टाळ्या वाजवाल, तेव्हा मनातल्या मनात एकदा त्यांची आठवण काढा.