हारिस्पेच्या शेतातली वाट

मान्येश गेल्याचं कळलं आणि शेजारच्या गाशुशापुढे पेच उभा राहिला. दुःखाचा नव्हे. दोन घरांत कित्येक वर्षं विस्तव जात नव्हता. पण ती पडली त्याची पहिली शेजारीण, सगळ्यांत जवळच्या घरची. आमच्याकडे क्रूस घेऊन प्रेताच्या पुढे पहिल्या शेजाऱ्यानंच चालायचं असतं, भांडण असो की नसो.

भांडण वाटेचं. चर्चला जायची प्रत्येक घराची आपली प्रेतवाट असते, आणि जिथून एकदा प्रेत गेलं ती वाट कायमची साऱ्या गावाची. मान्येशच्या घराची वाट गाशुशाच्या हारिस्पे नावाच्या शेतातून होती. ती तिच्या बापानं नांगरून टाकली आणि लेकीला बजावलं, वाट नव्हतीच म्हणायचं. बाईनं जन्मभर तेच म्हटलं. मान्येशच्या आईची शवपेटी नदीकाठच्या लांबच्या रस्त्यानं न्यावी लागली, तरी हिला पाझर फुटला नाही. गेल्या वर्षी गावाचा इतिहास छापला, त्यातही हिनं खुशाल तेच सांगितलं. तेव्हापासून वाट होती म्हणणाऱ्या मान्येशला लोक तोंडावर थापाड्या म्हणू लागले.

अंत्ययात्रा फाट्यावर आली. क्रूस घेऊन पुढे चाललेली गाशुशा थबकली.

"चल गं, खालच्या नदीकाठच्याच रस्त्यानं," मान्येशची बायको कातालिन मागून म्हणाली. "आम्हाला सवय आहे."

गाशुशानं शेताचं फाटक उघडलं.

मार्च महिना, शेत ताजं नांगरलेलं, वाटेची खूणसुद्धा नाही. समोर चर्चचा मनोरा. ती निघाली. अर्ध्यावर गेल्यावर तिचे पाय आपोआप डावीकडे वळले, मोकळ्या जमिनीला वळसा घालून पुन्हा सरळ झाले.

"अगं, सरळ चल की," पेटीखालून म्हातारा बेतिरी कुरकुरला. "आमचे खांदे काय फुकटचे आहेत?"

"इथे अक्रोडाचं झाड होतं," कातालिन म्हणाली. "वाट त्याला वळसा घालून जायची. आमचे हे सांगत होते ना सगळ्यांना."

सगळ्यांच्या नजरा गाशुशाच्या पावलांवर गेल्या. अख्ख्या गावादेखत तिच्या पायांनीच तिला उघडं पाडलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुस्तकात चुकीचं आहे," ती मागे न बघता म्हणाली. "मी खोटं सांगितलं. वाट होती."

"गेल्या आठवड्यापर्यंत जिवंत होते गं हे," कातालिन म्हणाली. "चल आता, पाद्री वाट बघत असतील."