जॅम आणि जाम

मी पाव कापायची सुरी. नुसतं सुरी म्हटलं की लोकांना कांदा आठवतो, म्हणून आधीच सांगून ठेवते, कांद्याला मी उभ्या जन्मात शिवले नाही. हस्तिदंती मूठ, लांबलचक पातं आणि पात्याला बारीक दात. एवढे दात असून मी कधी कुणाला चावले नाही, याचं माझं मलाच कौतुक आहे. सध्या एका साइडबोर्डच्या, म्हणजे भांडी ठेवायच्या बुटक्या कपाटाच्या, खणात पडून असते. खणाला कुलूप आहे आणि किल्ली विलायतेत. बाहेरचं दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. बंद खणात पडलेल्याला बोलण्यावाचून दुसरं काम काय?

माझा जन्म विलायतेतल्या शेफील्डचा. एका लग्नात आहेर म्हणून आले. नवरीच्या पेटीत मखमलीवर झोपून समुद्र ओलांडला आणि डोळे उघडले ते वर्ध्याच्या सिव्हिल लाइनमधल्या बंगल्यात. नवऱ्याचं आडनाव पामर. कापूस घेणाऱ्या एका परदेशी कंपनीचा तो इथला एजंट. लोकांना त्या आडनावाची भारी गंमत वाटे. देवळात 'मी पामर' म्हणत टाळ कुटायचे, आणि इथे खुद्द पामर घोड्यावर बसून हिंडायचा! त्याची मडम मात्र खरीच पामर. स्वभावानं नव्हे, नशिबानं. मूलबाळ नाही, बोलायला कुणी नाही, आणि उन्हाळा वर्ध्याचा.

त्या बाईनं आपला जीव एकाच गोष्टीत गुंतवला होता. रविवारचा दुपारचा चहा. स्वराज्य आलं, इतर गोरे बिऱ्हाडं गुंडाळून गेले, पण कंपनीनं पामरला इथेच ठेवला आणि मडमनं चहा तसाच ठेवला. फुलांचे कप, भरतकामाचा टेबलक्लॉथ, केक, आणि जॅमचे सँडविच. सँडविच माझ्याशिवाय होत नसत. थोडी फुशारकी मारते, पण खोटं नाही.

ते करायचा कवडू. बंगल्याचा खानसामा. पाव आदल्या दिवशीचा घ्यायचा, कारण ताजा पाव माझ्याखाली चिखलासारखा दबतो. कापायच्या आधी पावाच्या तोंडालाच लोणी लावायचं आणि मग काप उतरवायचा, म्हणजे कितीही पातळ निघाला तरी फाटत नाही. लोणी अगदी काठापर्यंत, नाहीतर जॅम झिरपून पाव ओला होतो. मग जॅम, असेल नसेल इतका. वर दुसरा काप, तळहाताचा हलका दाब. मग मी चारही कडा उतरवायची आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात कापून तिकोने पाडायची. वरून ओलं फडकं.

"पतला मांगता, कवडू. एकदम नाजूक," मडम दर वेळी सांगायची. मला नवल वाटे. ताटभर खाल्लं तरी पोट भरू नये, अशी खटपट माणसं कशाला करत असतील? पुढे कळलं. ज्यांच्या घरी भुकेचं नाव नाही, त्यांनाच भूक न भागवणारं खाणं परवडतं.

चहा आटोपला की मडम मला स्वतः पुसून खणात ठेवी आणि किल्ली फिरवी. जॅमच्या बाटलीलाही कपाटात कुलूप. तिला चोरीची भीती होती असं नाही. माहेरचं म्हणून तिच्याजवळ उरलं होतं ते एवढंच. पण कोंडणारा प्रेमानं कोंडतो म्हणून काळोख कमी होत नाही.

कवडूचंही तसंच होतं. पोरवयात बंगल्यावर आला, मागची खोली मिळाली, पांढरा कोट मिळाला. ज्या गावात विहिरीला त्याचा हात लागू देत नव्हते, तिथे साहेब त्याच्या हातचं जेवत होता. याचा त्याला अभिमान होता. त्या अभिमानानंच त्याला बांधून घातलं होतं, दोरखंडाची गरजच पडली नाही. 'हो मडम' हे दोन शब्द त्याच्या तोंडातून मडमचं बोलणं संपायच्या आधीच बाहेर पडत.

त्याची बायको धुरपता. ती बाहेर विहिरीजवळ भांडी घासायची. मी बाहेर असताना स्वयंपाकघरात यायची तिला परवानगी नव्हती. तिकोने ओल्या फडक्याखाली जात, कडांचं मडम पुडिंग करवी, ताटल्या चाटूनपुसून परत येत. सँडविचात काय घालतात हे त्या बाईनं कधी पाहिलंच नव्हतं.

छप्पन्न सालचा दसरा रविवारी आला. नागपूरला बौद्ध धम्माच्या दीक्षेचा सोहळा होता. पांढरी लुगडी, पांढरी धोतरं विकत घ्यायला वस्तीतल्या बायाबापड्यांची झुंबड उडाली होती. कवडूनं जन्मात पहिल्यांदा मडमकडे रविवारची सुटी मागितली. नेमका त्याच दिवशी मुंबईहून कंपनीचा मोठा साहेब चहाला यायचा होता.

"संडे नहीं," मडम म्हणाली. "मंडे को जाओ. काम छोड़ेगा तो कमरा भी छोड़ेगा."

"हो मडम," कवडू म्हणाला.

शनिवार हा चांदीपितळ घासायचा दिवस, तेव्हा मीही बाहेर असायची. कवडू माझी मूठ पुसत होता. पुसलेलीच पुन्हा पुसत होता. दाराबाहेरून धुरपता बोलत होती.

"सोमवारी तिथं काय मांडव पाहाले जाता?"

"खोली जाईन, धुरपते. मंग कुठं राहाचं?"

"सोन्याची सुरी हाये म्हणून पोटात खुपसून घ्याची काय?"

मी सोन्याची नाही, पोलादाची. तरी ते बोलणं मला लागलं.

कवडूची गत म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. मग तीच म्हणाली, "तुमी जा. चाय मी करतो. ट्रे व्हरांड्यात ठेवला का आपलं काम झालं. पाहुण्याइच्या पुढं नोकर दिसू नये, हा मडमचाच कायदा हाये ना?"

"तुले येते?"

"तुमाले काय आईच्या पोटातून येत होतं?"

"अन् तू? तुले नाई याचं दीक्षेले?"

धुरपतेचं भांडं घासणं थांबलं. "मी मागून पाहीन," ती म्हणाली, आणि भांडं पुन्हा वाजू लागलं, पहिल्यापेक्षा जोरात.

मग कवडूनं घाईघाईत सगळं सांगितलं. पाव पातळ काप, आधी लोणी लावजो, दोन कापांच्या मधात जाम, वरून दाबजो, कडा काढून टाकजो.

"मधात जाम?"

"हाव, जाम. पण पातळ, बरं. नाईतर मडम चिडते."

"गोड पाह्यजे का?"

"गोडच असते तो!" कवडू म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीला गेला.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. आपल्या वर्ध्या-नागपूरकडे पेरूला जाम म्हणतात. आणि बंगल्याच्या मागे पेरूचं झाड फळांनी लवलं होतं.

रविवारी सकाळचं खाणं साहेब-मडम बाहेरच उरकत, त्यामुळे कवडू नाही हे कुणाला कळलं नाही. दुपारी मडम आली, मला आणि जॅमच्या लाल बाटलीला ओट्यावर ठेवलं आणि लगेच गेली. स्वयंपाकघरात ती थांबत नसे, चुलीच्या धुरानं तिचे डोळे चुरचुरत. खुंटीवर कवडूचा कोट होता, त्यावरून तो जवळपास आहे असं तिनं धरलं असावं.

धुरपतेनं मला हातात घेतलं. आधी विळ्यासारखं ओढलं, मग दाबून पाहिलं. मी चालते करवतीसारखी, मागेपुढे. दोन काप वाया गेल्यावर तिला माझी चाल कळली. मग तिनं ती लाल बाटली उचलली, झाकण उघडून हुंगली. "साहेबाच्या खोकल्याचं औषध दिसते," असं म्हणून सांडू नये म्हणून वरच्या फळीवर नीट ठेवून दिली.

मागे गेली ती ओटीत पेरू घेऊन आली.

त्या वेळी माझा जो जीव गुदमरला तो काय सांगू! ओरडून सांगावंसं वाटत होतं, बाई गं, ती बाटली, ती बाटली घे! तोंडभर दात आणि जिभेचा पत्ता नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तिनं पिकले, गोड पेरू निवडले, माझ्याकडून कागदासारख्या चकत्या पाडून घेतल्या, लोणी लावलेल्या पावावर मांडल्या, आणि पेरू खायची रीत म्हणून वर चिमूटभर तिखटमीठ भुरभुरलं. खरं सांगू? पेरूचा वास पात्याला लागला आणि घडीभर मला बरं वाटलं. इतकी वर्षं या मातीत राहून तिचं फळ मी पहिल्यांदा कापत होते.

केकसाठी म्हणून मीही ट्रेवर बसून व्हरांड्यात गेले. पामर साहेब होता, मुंबईचा म्हातारा साहेब होता आणि गावातल्या वकिलांच्या पत्नी लीलाबाई होत्या. मडमनं फडकं उचललं. वरून सगळं दृष्ट लागण्यासारखं दिसत होतं. म्हाताऱ्या साहेबानं तिकोना तोंडात घातला आणि थांबला. त्याचे दात कवळीचे. पेरूची बी कवळीत शिरली होती आणि तिखट नाकात. डोळ्यांतून घळाघळा पाणी!

लीलाबाईंनी एक घास घेतला आणि त्यांना हसू आवरेना. "मडम, तुम्ही जॅम सांगितला, खानसाम्यानं जाम घातला!" त्यांनी उलगडून सांगितलं तसा पामर साहेबही हसला. म्हाताऱ्यानं कवळी रुमालात काढून घेतली आणि बोळक्या तोंडानं तोही हसला. हसली नाही एकटी मडम. वर्षानुवर्षं जपलेला तिचा चहा, आणि त्याचं आज हसं झालं होतं.

"कवडू!" तिनं हाक मारली. 'हो मडम' आलं नाही. पुन्हा हाक मारली. पदर सावरत धुरपता येऊन उभी राहिली.

"कवडू कहाँ है?"

धुरपतेनं मागच्या खोलीकडे पाहिलं. मागच्या खोलीत तिचं उभं आयुष्य मांडलेलं होतं, चूल, खाट, पाण्याचा माठ. एका उत्तरावर ते सगळं जाणार होतं. लीलाबाईंना तिची दया आली. त्या मराठीतून हळूच म्हणाल्या, "ताप आलाय ना गं त्याला? नुसतं हो म्हण. पुढचं मी सांभाळते."

केवढी सोपी वाट होती! मी ट्रेवरून मनातल्या मनात म्हणत होते, म्हण बाई, हो म्हण.

धुरपतेनं मान वर केली. "ताप नाई त्याले, बाई. नागपूरले गेला दीक्षा घ्याले. तिथं तो खोटं नाई बोलणार म्हणून शपथ घेऊन राह्यला, अन् मी इथं त्याच्याच नावानं खोटं बोलू? हे नाई जमाचं मले."

लीलाबाईंनी कप खाली ठेवला. मग जे ऐकलं तेच, काही गाळलं नाही, मडमला इंग्रजीत सांगितलं. मडमचा चेहरा लालबुंद झाला. "कल सुबह कमरा खाली," एवढंच ती म्हणाली.

त्या संध्याकाळी ती मला कुलपात ठेवायची विसरली. सकाळी साहेबाच्या न्याहारीला तिनंच पाव कापायला घेतला. एक काप जाड, दुसरा तिरपा. तेवढ्यात कवडू मागच्या दारी आला. पांढरं स्वच्छ धोतर, पांढरा सदरा, डोळे जागरणानं तारवटलेले. पण मान! ती मान मी त्याच्या खांद्यांवर पूर्वी कधी पाहिली नव्हती. मागे धुरपता गाठोडं घेऊन उभी होती. तिनंही पांढरं लुगडं नेसलं होतं.

मडमनं तिरपा काप ताटलीत ठेवला. "कवडू, तुम रहो. कमरा भी रहेगा. धुरपता को माफ किया."

कवडूचा हात खुंटीवरच्या कोटाकडे गेला. सवयच ती. मला वाटलं, झालं, आता 'हो मडम' येणार. त्यानं कोट काढला, घडी केली आणि ओट्यावर ठेवला.

"माफ काऊन, मडम? जाम म्हणलं तं तिनं जामच घातला. सांगताना मी चुकलो." मग म्हणाला, "जे काल राह्यले त्याइले आजबी दीक्षा देणार हायेत. हे माह्यापायी राह्यली. हिले घेऊन चाललो."

"वापस कब आएगा?"

"सांगता नाई येत, मडम. उगाच हो म्हणलं तं खोटं होईन."

जाता जाता त्यानं मला उचललं, नीट पुसलं, खणात ठेवलं आणि मडमकडे पाहिलं. तिनं किल्ली फिरवली. दोघांची पावलं लांब जाताना मला ऐकू आली. पुढे कितीतरी वेळ मडम तिथेच, साइडबोर्डला टेकून रडत होती. माझा तिच्यावर राग नाही. तीही अडकलेलीच होती, आणि तिला नागपूरची गाडी नव्हती.

पुढे पामर मंडळी विलायतेला गेली. किल्ल्यांचा जुडगा मडमच्या पर्सेत तसाच राहिला. बंगल्याचं सामान विकलं तेव्हा साइडबोर्ड लीलाबाईंनी घेतला. आता त्यावर रेडिओ आहे. माझ्या डोक्यावर बातम्या लागतात, गाणी लागतात. एकदा लीलाबाई कुणाला तरी सांगत होत्या, कवडू मुलांच्या एका बोर्डिंगात स्वयंपाक करतो, आणि धुरपता परवा बाजारात भेटली तर अक्षरं जुळवून दुकानाची पाटी वाचत होती. ऐकून मला इतका आनंद झाला की त्या काळोखातही आपलं पातं चमकलं असेल असं वाटलं.

पण आता दातांवर गंज चढतोय, तो मला जाणवतो. लीलाबाई, तुम्ही सज्जन आहात, म्हणून तुम्हालाच विनवते. किल्लीची वाट पाहू नका, सुताराला बोलवा आणि खण फोडा. मग मला धुरपतेकडे पोचवा. भाकरीच्या घरात पावाच्या सुरीला काय काम, असं ती विचारेल. काम नसलं तरी चालेल म्हणावं. नुसतं उघड्यावर ठेव.