रांजणाखालची परात

मुख्तार-अका गेले तेव्हा त्यांच्या लिंबावर एकच लिंबू उरलं होतं. बाकीची त्यांनी थंडी पडताच उतरवून गल्लीत वाटली. हे मात्र खिडकीकडच्या फांदीवर राखलं. कुणी हात लावू गेलं की म्हणत, "ते गुलचं आहे. ती येईल, तीच तोडेल."

गुलचेहरा ही त्यांची एकुलती एक लेक, दूर कझानला शिवणाच्या कारखान्यात कामाला. आमच्यात मयत ठेवून घेत नाहीत. अकांचा प्राण पहाटे गेला आणि दुपारच्या नमाजानंतर माती झाली. तेवढ्यात कझानहून बुखाऱ्याला कोण पोचणार? पोरीला बापाचं तोंड दिसलं नाही. कारखान्यानं सुट्टी दिली ती थेट चाळिसाव्याला. तेव्हापासून तिच्या आईनं, आमच्या शरोफत-आपांनी, एकच ध्यास घेतला. बापाचं तोंड नाही तर नाही, बापानं राखलेलं लिंबू तरी लेकीनं आपल्या हातानं तोडावं.

त्यांची नि माझी भिंत एकच. त्या लिंबाचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालेलं. एका जुन्या धान्याच्या रांजणाला अकांनी बुडाशी भोक पाडलं, त्यावर खापर उपडं घातलं, वर खडे, मग जाडी रेती, मग माती. थंडीत चार माणसं लावून रांजण बैठकीत यायचा, तीन विटांवर बसायचा, खाली पितळी परात. आमच्या नळाचं पाणी खारट; म्हणून अका अंगणातलं बर्फ घागरीत वितळवून घालत. घालून झालं की मांडी ठोकून बसत, कान परातीकडे. "खालचं पाणी बोलल्याशिवाय आमीन म्हणू नये," म्हणत. "नुसतं पोटात साठवून कुणाचं भलं झालंय? खार उतरला पाहिजे."

आपा आतून ओरडत, "तुमचं पाणी बोलतं आणि माझा गालिचा भिजतो! एकदा त्या परातीशीच निकाह लावून घ्या!"

मातीच्या दिवशी घर बायकांनी भरलं. पाहुण्यांचे हात धुवायला भांडी पुरेनात, तेव्हा परात उचलली गेली. पुढं रोजच माणसांचा राबता. ती परत रांजणाखाली आलीच नाही आणि कुणाला आठवलीही नाही.

दर गुरुवारी बायकांत पठण करणाऱ्या आयमुल्ला सबोहत यायच्या. म्हातारपणानं वाकलेल्या, पण गळा असा की पहिला सूर लागला की चहाची पेली हातातच निवावी. त्या पैगंबरांच्या वियोगाचं गात, मध्येच थांबून साध्या बोलीत समजावत, पुन्हा गात. आम्ही रडायचो आणि रडून हलक्या व्हायचो. मधोमध पाण्याचा मोठा वाडगा असे. पठण संपलं की आयमुल्ला त्यावर फुंकर घालत, सगळ्या एकेक घोट घेत. उरलेलं पाणी पायदळी जाऊ द्यायचं नसतं; ते झाडाच्या मुळाशी घालतात. बाहेर अंगण गोठलेलं. झाड घरात होतं ते एकच.

काही आठवड्यांत लिंबाची पानं पिवळी पडली.

"बघ, झाडसुद्धा धन्यासाठी रडतंय," समोरच्या घरची रोबिया म्हणाली. तिची जीभ म्हणजे सुरी. "आमच्या घरी मी मेले तर म्हैससुद्धा हंबरायची नाही."

"तुझी म्हैस सुटकेचा निःश्वास टाकेल," मी म्हटलं. आपांच्या ओठांवर जरासं हसू आलं नि विझलं.

"तहानलंय गं ते," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या हातचं पाणी नाही ना मिळत. आयमुल्ला, थोडं जास्त फुंकून द्या. पोर येईस्तोवर टिकू दे, मग हवं तर माझा जीव घे म्हणावं अल्लाला."

आयमुल्लांनी डोळे मिटून वाडगाभर पाण्यावर कुराणातली सारी सूरत म्हटली. आपांनी एक थेंब न सांडता तो मुळाशी ओतला. माती काळी, चकचकीत झाली. दुसऱ्या दिवशी मूठभर पानं गळली. लिंबू मात्र फांदीला धरून होतं.

चाळिसाव्याच्या सकाळी गुलचेहरा आली. मायलेकी दारातच गळ्यात पडल्या. मग आपा डोळे पुसत तिला बैठकीत ओढू लागल्या, "आधी चल, तुझं लिंबू बघ. आहे गं, अजून आहे!"

पोर झाडाजवळ गेली. लिंबाकडे तिनं पाहिलंच नाही. वाकून मातीचा वास घेतला, बोट खुपसलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, परात कुठाय?"

ती गालिच्यावर पालथी पडली, विटांमधून हात घातला आणि भोकातून कापसाचा बोळा ओढून काढला.

पाणी भळकन आलं. काळं, कुजकट वासाचं. बायका पाय आखडून मागं सरल्या. शरोफत-आपा त्या बोळ्याकडे बघत जागीच बसल्या.

"मयतासाठी आणलेला कापूस," त्या म्हणाल्या. "उरला होता. इतकी माणसं येणार, गालिचा भिजेल, म्हणून मीच... दोन दिवसांनी काढणार होते गं." आणि मग, फार हळू, "त्यांच्या नाकात घातला, तोच."

पाणी गालिच्यावर पसरत होतं. इतक्या गुरुवारांचं पठण त्यात होतं. आयमुल्ला गुडघे टेकून खाली बसल्या, डोक्यावरची पांढरी ओढणी काढून त्यांनी ती पाण्यावर पसरली. "पाय देऊ नका, बायांनो," म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं मुळाशी घाला म्हणून. पाणी पवित्रच होतं. त्याला वाट ठेवली नाही आपण." त्यांना गायचं होतं बहुधा, पण सूर लागला नाही. रोबियाच मुकाट्यानं उठली आणि स्वयंपाकघरातून परात घेऊन आली.

गुलचेहरानं ती विटांमध्ये सरकवली. धार बारीक झाली, मग थेंब. टप्. टप्.

"तोड आता," आपा म्हणाल्या.

"राहू दे ना, आई."

"तोड. त्यांनी तुझ्यासाठी राखलंय. मी बुडवलं, पण त्यानं सोडलं नाही."

पोरीनं लिंबाखाली नुसता तळवा धरला. तोडावं लागलंच नाही. देठ केव्हाच कुजला होता. लिंबू हातात आलं आणि ती ते तोंडावर दाबून बापाला हाका मारू लागली. आईनं तिला जवळ घेतलं, पण डोळे परातीवरच.

झाड वाचलं नाही. वसंतात चार माणसांनी रांजण अंगणात काढला तेव्हा आत काळी काठी उभी होती. गुलचेहरा कझानला परतली होती. ते लिंबू तिनं रुमालात बांधून नेलं.

आपा अजून त्या रांजणात पाणी घालतात. मी एकदा भिंतीवरून म्हटलं, "आपा, आता कशाला?" त्यांनी हातानंच गप्प राहायला सांगितलं. त्यांचा कान परातीकडे होता. पहिला थेंब पडला, तेव्हा त्यांनी दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि आमीन म्हटलं.